आदिवासी समाजविषयक विद्यार्थी-प्रकल्पांचे मूल्यमापन : भोर व वेल्हे तालुक्यांतील प्राथमिक शिक्षकांसाठी काही सूचना



प्रतिवर्षी ९ ऑगस्टचा जागतिक आदिवासी दिन व १५ नोव्हेंबरची बिरसा मुंडा जयंती जवळ आली, म्हणजे आपल्या शाळांतून ‘आदिवासी जीवन’ या विषयावरील प्रकल्पांची लगबग सुरू होते. यांपैकी पहिला दिवस संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने १९९४ साली ठरविला; दुसरा भारत सरकारने २०२१ पासून ‘जनजातीय गौरव दिन’ म्हणून पाळण्यास आरंभ केला. मुले तक्ते रंगवितात, झोपडीच्या प्रतिकृती करतात, शाळेच्या व्हरांड्यात प्रदर्शन मांडले जाते, आणि शेवटी शिक्षक त्या कामास गुण देतात. हे गुण कशास द्यावेत, कशास देऊ नयेत, आणि देताना कोणती काळजी घ्यावी, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

हा विचार केवळ पुस्तकी नाही, हे एका प्रसंगावरून ध्यानात येईल. काही वर्षांपूर्वी एका शाळेत असेच प्रदर्शन भरले होते. पाचवीतील एका मुलाच्या सुबक तक्त्यास पहिला क्रमांक मिळाला. अक्षर मोत्यासारखे, चित्रे रेखीव, कडेला सुंदर वेलबुट्टी. त्या तक्त्यावर एक वाक्य होते : ‘कातकरी लोक उंदीर खातात व अस्वच्छ राहतात.’ त्याच वर्गात वाडीवरची एक कातकरी मुलगी शिकत होती. तिला वाचता येत होते. ती तक्त्यापुढे बराच वेळ उभी राहिली, आणि दुसऱ्या दिवसापासून शाळेत आली नाही. तिला परत आणण्यास दोन महिने लागले. तो क्रमांक देणाऱ्या परीक्षकांत प्रस्तुत लेखकही होता. आम्ही अक्षर पाहिले, रंग पाहिले. वाक्य वाचूनही पाहिले नाही. दोष त्या मुलाचा नव्हता. त्याने जे ऐकले ते लिहिले. दोष गुणदानाचा होता.

(१) विषय आपल्या दारातला आहे

आपल्या तालुक्यांत आदिवासी आहेत कोठे, असा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. पुणे जिल्ह्यातील अनुसूचित क्षेत्र जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांत आहे. भोर व वेल्हे (ज्यास आता राजगड तालुका हे नाव मिळाले आहे) हे त्या क्षेत्रात येत नाहीत. त्यामुळे ‘आदिवासी’ म्हटले की मुलांच्याच नव्हे, तर शिक्षकांच्याही डोळ्यांपुढे गडचिरोली किंवा पालघर येते. वस्तुतः भाटघर, नीरा-देवघर, गुंजवणी, पानशेत या जलाशयांच्या काठांवर व घाटमाथ्याच्या उतारांवर कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. काही गावांत महादेव कोळी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या शेती करीत आहेत. ही मुले आपल्याच शाळेच्या पटावर आहेत.

कातकरी ऊर्फ काथोडी हे नाव काथावरून पडले. खैराच्या लाकडाचा गाभा तासावयाचा, त्याच्या ढलप्या पाण्यात उकळावयाच्या, तो रस आटवावयाचा आणि थंड झाल्यावर त्याच्या वड्या पाडावयाच्या, हा त्यांचा पूर्वापार धंदा होता. पानाच्या विड्यातील काथ या हातांनी घरोघर पोहोचविला. इंग्रजी अमलात १८७८ च्या वनकायद्याने जंगले राखीव होऊ लागली, खैर तोडणे गुन्हा ठरू लागले, आणि हा धंदा हातचा गेला. मग कोळसा पाडणे, लाकूडतोड, शेतमजुरी आणि अलीकडे वीटभट्टी असा या समाजाच्या उपजीविकेचा प्रवास झाला. आज केंद्र सरकारने महाराष्ट्रातील ज्या तीन जमातींना विशेष दुर्बल आदिवासी गट मानले आहे, त्यांत कातकऱ्यांचा समावेश होतो. उरलेल्या दोन म्हणजे कोलाम व माडिया गोंड.

येथे एक भेद शिक्षकाच्या मनात स्वच्छ असावा. आपल्या डोंगरपठारांवर गवळी धनगरांचीही वस्ती आहे. त्यांचे जीवन डोंगराशी बांधलेले आहे व त्यावर उत्तम प्रकल्प होऊ शकतो. परंतु महाराष्ट्रात धनगर समाजाची गणना अनुसूचित जमातींत होत नसून भटक्या जमातींत होते. कोणास आदिवासी म्हणावे हा वादाचा विषय वर्गात काढण्याचे कारण नाही. मात्र प्रकल्पात ज्या समाजाविषयी लिहिले आहे, त्याचे नाव नेमके असावे, एवढा आग्रह धरावा. ‘आदिवासी असे राहतात’ हे वाक्य जवळजवळ नेहमीच चुकीचे असते. ‘आमच्या गावाजवळच्या वाडीतील कातकरी असे सांगतात’ हे वाक्य खरे असू शकते.

(२) प्रकल्प कशासाठी?

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली संमत झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या २९ व्या कलमात मुलास भीतीपासून मुक्त ठेवणे, शक्य तेथवर मातृभाषेतून शिकविणे आणि त्याच्या आकलनाचे सर्वंकष व सातत्यपूर्ण मूल्यमापन करणे या गोष्टी एकत्र सांगितल्या आहेत. त्यास अनुसरून महाराष्ट्रात २०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धती आली व आकारिक मूल्यमापनाच्या साधनांत दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, चाचणी, स्वाध्याय यांच्या जोडीने प्रकल्पाचाही अंतर्भाव झाला.

प्रकल्प म्हणजे मुलाने स्वतः एक प्रश्न घ्यावयाचा, त्याचे उत्तर पाहून, विचारून, मोजून शोधावयाचे आणि जे सापडले ते इतरांस समजेल असे सांगावयाचे. यातील शोध हा गाभा व सजावट हे टरफल होय. परंतु सजावट डोळ्यांस दिसते, शोध विचारल्यावाचून दिसत नाही. म्हणून घाईच्या परीक्षणात टरफलास गुण मिळतात व गाभा राहून जातो. बाजारात दहा-वीस रुपयांस मिळणारे चित्रपट आणून चिकटविणारे मूल पुढे जाते. ज्याच्या घरी डिंकाची बाटली नाही, ते मागे पडते. आपण गुण दिले असे आपणांस वाटते. प्रत्यक्षात आपण पालकाच्या खिशास गुण दिलेले असतात.

(३) प्रश्न लहान असावा

‘महाराष्ट्रातील आदिवासी जीवन’ हा विषय दहा-अकरा वर्षांच्या मुलास पेलणारा नाही. एवढा विस्तृत विषय दिला, की मूल तो कोठून तरी उतरवून आणते. प्रश्न लहान व जवळचा असेल, तर उतरविण्यास जागाच राहत नाही. उदाहरणादाखल काही प्रश्न पुढे दिले आहेत.

(अ) आपल्या गावच्या जलाशयात कोणकोणते मासे मिळतात, ते कोणत्या साधनांनी धरतात, व तीस वर्षांपूर्वी कोणते मिळत?

(आ) पावसाळ्याच्या पहिल्या महिन्यात रानातून कोणत्या भाज्या येतात? शेवळे घशास खाजते, मग ते कशाबरोबर शिजवितात? कडू कंदाचा कडवटपणा कसा घालवितात?

(इ) खैराचे झाड आपल्या शिवारात कोठे आहे? काथ कसा करीत, हे आठवणारे कोणी वृद्ध आहेत काय?

(ई) वाडीवर घरी बोलली जाणारी बोली आणि आपली शाळेची भाषा यांत घरातील वीस वस्तूंची नावे कशी बदलतात?

(उ) चिरनेर येथील जंगल सत्याग्रहात २५ सप्टेंबर १९३० रोजी नाग्या कातकरी या तरुणास हौतात्म्य आले. हे ठिकाण घाटाखाली रायगड जिल्ह्यात उरण तालुक्यात आहे. त्या दिवशी काय घडले व जंगलासाठी सत्याग्रह करण्याची वेळ का आली?

या प्रश्नांचा एक गुण असा, की त्यांची उत्तरे वाडीवरच्या माणसांना ठाऊक असतात व आपणांस ठाऊक नसतात. विचारणारा येथे शिष्य होतो आणि सांगणारा गुरू. केवळ एवढ्यानेही वर्गातील कातकरी मुलाकडे पाहण्याची इतर मुलांची दृष्टी पालटते.

मध्यवर्ती माहिती हवी असेल, तर पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचा उपयोग करावा. ही संस्था १९६२ पासून कार्य करीत आहे व तेथे आदिवासी संस्कृतीचे संग्रहालयही आहे. सहलीत पुण्यास जाणाऱ्या शाळांनी ते अवश्य पाहावे. मात्र परत आल्यावर मुलांस एक प्रश्न विचारावा : कपाटात ठेवलेल्या वस्तूंपैकी कोणत्या वस्तू आपल्या वाडीवर आजही वापरात आहेत?

(४) वाडीवर जाताना

प्रकल्पाचे मूल्यमापन तो हाती आल्यावर सुरू होत नाही. मुले वाडीवर गेली, त्या क्षणापासून ते सुरू होते. म्हणून पुढील गोष्टी आधीच ठरवून घ्याव्यात.

पहिली गोष्ट, काळ. बहुतेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर किंवा अन्य कामांवर जातात, ती पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. जानेवारीत प्रकल्प दिला, तर वाडीवर म्हातारी माणसेच भेटतील आणि वर्गातील कातकरी मूलही नसेल. तेव्हा हा प्रकल्प ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळातच उरकावा.

दुसरी गोष्ट, अनुमती. शिक्षकाने आधी एकटे जाऊन वाडीतील वडीलधाऱ्यांस भेटावे, मुले काय विचारणार आहेत हे सांगावे आणि त्यांचा होकार घ्यावा. छायाचित्र काढावयाचे असल्यास प्रत्येकास वेगळे विचारावे. एखाद्याने नको म्हटले, तर मुलांसमक्ष त्याचे आभार मानून पुढे जावे. नकाराचा मान राखणे हाही या प्रकल्पातील एक पाठ आहे.

तिसरी गोष्ट, प्रश्नांची मर्यादा. कर्ज, उचल, दारू, आजार, घरातील भांडणे यांविषयी मुलांनी विचारू नये. आपल्या स्वतःच्या घरी येऊन परक्या मुलांनी जे विचारलेले आपणांस खपणार नाही, ते आपल्या मुलांनी दुसऱ्याच्या घरी विचारू नये, हा सोपा नियम मुलांस चटकन समजतो. वनौषधींविषयीची माहिती कोणी गुप्त ठेवू इच्छित असेल, तर ती खोदून काढू नये.

(५) गुणदान

पुढील योजना वीस गुणांची आहे. ती आदेश नसून सूचना आहे. आपापल्या वर्गास अनुरूप असा बदल शिक्षकाने करावा. इयत्ता तिसरी ते पाचवीसाठी तोंडी सांगण्यावर व सहावी ते आठवीसाठी लेखनावर थोडा अधिक भर असावा.

प्रश्न : ३ गुण. मुलास आपण काय शोधत होतो हे एका वाक्यात सांगता येते काय?

माहिती मिळविण्याचे प्रयत्न : ५ गुण. किती जणांस विचारले, स्वतः काय पाहिले, काय मोजले, कोणती वस्तू हाताळली? ‘हे कोणी सांगितले?’ या प्रश्नास मुलाकडे उत्तर आहे काय?

सत्यता व नेमकेपणा : ५ गुण. जमातीचे, गावाचे, काळाचे उल्लेख नेमके आहेत काय? पूर्वीचे काय आणि आजचे काय, हे वेगळे केले आहे काय?

आदर व न्यायबुद्धी : ४ गुण. ज्यांच्याविषयी लिहिले, त्यांच्यापुढे हे लेखन मोठ्याने वाचता येईल काय? मुलाने दुसरी बाजू पाहिली आहे काय?

मांडणी : ३ गुण. समजण्यासारखे आहे काय? येथे रंग, कागद व प्रतिकृतीच्या खर्चाचा विचार करू नये.

यांतील चौथ्या बाबीविषयी थोडे स्पष्टीकरण हवे. आदर म्हणजे गोडगोड स्तुती नव्हे. ‘आदिवासी लोक निसर्गाची लेकरे असून नेहमी आनंदात नाचतात’ हे वाक्य ‘ते अस्वच्छ असतात’ या वाक्याइतकेच आंधळे आहे. कारण दोन्ही वाक्ये न पाहता लिहिलेली आहेत. वाडीवर पाण्याची टाकी नसेल, तर ‘नाही’ असेच लिहावे. मात्र ‘पाणी नाही’ आणि ‘अस्वच्छ राहतात’ यांत फरक आहे. पहिले वस्तुस्थितीचे वर्णन आहे. दुसरे माणसावर ठेवलेला दोष आहे. हा फरक मुलास समजला, की अर्धे शिक्षण झाले.

(६) दोन नमुने

समजा, शिक्षकापुढे दोन प्रकल्प आले आहेत.

पहिल्यात थर्मोकोलची सुरेख झोपडी, तीपुढे पानांचे वस्त्र ल्यालेल्या व डोक्यास पिसे लावलेल्या बाहुल्या, आणि भिंतीवर पांढऱ्या रंगातील वारली चित्रे आहेत. खाली एक पानभर मजकूर उतरविला आहे. वारली चित्रकला ही थोर कला आहे. जिव्या सोमा मशे या कलावंताने ती जगभर पोहोचविली व त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. परंतु ती वारल्यांची व मुख्यतः पालघर भागातील. भोरच्या कातकरी वाडीच्या झोपडीवर ती काढणे म्हणजे कोल्हापुरी फेटा बांधून नागपूरचा शेतकरी दाखविण्यासारखे आहे. पानांचे वस्त्र व पिसे तर चित्रपटांतून आलेली. या प्रकल्पास प्रश्नाचा १, प्रयत्नाचा १, सत्यतेचा १, आदराचे २ (लेखकाचा हेतू वाईट नाही म्हणून) व मांडणीचे ३, असे ८ गुण द्यावेत. मुलास बोलावून सांगावे, की तुझ्या हातात कला आहे. आता वाडीवर जाऊन खरे घर पाहून ये, भिंत कशाची, छप्पर कशाचे, चूल कोठे, हे मोजून घे, आणि तीच झोपडी पुन्हा कर.

दुसरा प्रकल्प वहीच्या चार पानांचा, शाईचे डाग पडलेला. विषय : भाटघरच्या पाण्यातील मासेमारी. मुलाने वाडीतील एका आजोबांस विचारले आहे. जाळ्याचे चित्र काढून त्याच्या भागांस त्यांनीच सांगितलेली नावे दिली आहेत. वाम व मरळ पूर्वी पुष्कळ मिळत, आता चिलापी अधिक मिळतो, असे लिहून ‘आजोबा म्हणाले’ अशी नोंद केली आहे. एका ठिकाणी मात्र चिलापी हा आपल्या नद्यांचाच मासा असल्याचे लिहिले आहे. वस्तुतः तो मूळचा आफ्रिकेतला व येथे माणसाने आणलेला. या प्रकल्पास प्रश्नाचे ३, प्रयत्नाचे ४ (एकाच व्यक्तीस विचारले म्हणून एक कमी), सत्यतेचे ४, आदराचे ४ व मांडणीचा १, असे १६ गुण द्यावेत.

जुन्या रीतीने हेच दोन प्रकल्प नेमक्या उलट क्रमाने लागले असते.

(७) नेहमी आढळणारे दोष व त्यांवरील शेरे

‘चूक’ असा लाल शेरा मारून मूल शिकत नाही. शेरा असा असावा, की त्यातून मुलास पुढचे पाऊल दिसावे.

मुलाने ‘हे लोक मागासलेले आहेत’ असे लिहिले, तर शेरा : ‘कोणत्या गोष्टीत? कोणाच्या तुलनेत? त्यांना जे येते व तुला येत नाही, अशा तीन गोष्टी लिही.’

सारे वर्णन भूतकाळात असेल, तर शेरा : ‘यातील कोणती गोष्ट आज चालू आहे, ते वाडीवर विचारून ये.’ आदिवासी म्हणजे संपून गेलेली माणसे, असा समज भूतकाळी वाक्यांनी नकळत पक्का होतो.

‘जंगल तोडल्यामुळे ते गरीब झाले’ असे अर्धवट कारण दिले असेल, तर शेरा : ‘जंगल कोणी राखीव केले व त्यानंतर काथाचे काय झाले?’ वरच्या वर्गात येथे २००६ च्या वनहक्क कायद्याचा उल्लेख करता येईल. पिढ्यान्‌पिढ्या जंगलात राहणाऱ्यांचा जमिनीवरील व वनोपजावरील हक्क त्या कायद्याने मान्य केला आहे.

आता त्या उंदराच्या वाक्याविषयी. शेताच्या बांधावरील बिळे उकरून उंदीर व घुशी धरणे हा कातकऱ्यांच्या उदरनिर्वाहाचा एक भाग होता, ही गोष्ट खरी आहे. ती दडपून टाकण्याचे कारण नाही. पण ती चिडविण्यासाठी वापरू देण्याचेही कारण नाही. मुलास विचारावे : ‘एक उंदीर वर्षभरात किती धान्य नासतो? तो धरणाऱ्याने शेतकऱ्याचे हित केले की अहित?’ जगात कोण काय खातो, याची यादी वर्गात करावी. खेकडा खाणारा आणि न खाणारा, मासे खाणारा आणि न खाणारा, असे सारे एका बाकावर बसलेले असतात, हे मुलांच्या ध्यानात येईल. त्या वेळी आम्ही एवढा एक प्रश्न विचारला असता, तर त्या मुलीची शाळा दोन महिने बुडाली नसती.

(८) कातकरी मुलाच्या प्रकल्पाचे मूल्यमापन

हा भाग सर्वांत नाजूक आहे. काही शिक्षक सद्‌हेतूने कातकरी मुलास पुढे उभे करतात व म्हणतात, ‘सांग, तुमच्यात लग्न कसे लागते?’ चाळीस डोळे त्याच्यावर रोखले जातात. हे मूल्यमापन नव्हे. कोणत्याही मुलास त्याच्या समाजाचा नमुना म्हणून उभे करू नये. त्याने स्वतःच्या वाडीवर प्रकल्प करावयाचा की चंद्रावर, हे त्याचे त्याने ठरवावे. त्याने किल्ले तोरण्यावर प्रकल्प केला, तर तोही तितक्याच कौतुकाने पाहावा.

त्याने आपल्या लोकांविषयी लिहावयाचे ठरविलेच, तर त्याच्या माहितीस ‘घरचीच माहिती, श्रम काय घेतले?’ असे म्हणून कमी लेखू नये. आईस विचारणे हेही माहिती मिळविणेच होय. ज्यास पंधरा रानभाज्या पानांवरून ओळखता येतात, त्याने त्या शिक्षकास रानात नेऊन दाखविल्या, तर ते प्रात्यक्षिक समजून पूर्ण गुण द्यावेत. त्यासाठी निबंधाची अट घालू नये.

भाषेचा प्रश्न येथे येतो. कातकरी बोली मराठीस जवळची असली, तरी तिची स्वतःची ठेवण आहे. तोंडी सादरीकरणात मूल घरच्या बोलीत बोलले, तर ते अशुद्ध म्हणून गुण कापू नयेत. प्रमाण मराठीचे मूल्यमापन भाषा विषयात स्वतंत्रपणे होतच असते. शाळेत स्वभाषा बोलल्याबद्दल मुलांस शिक्षा करण्याचे परिणाम काय होतात, हे कॅनडाच्या इतिहासावरून दिसते. तेथे शंभराहून अधिक वर्षे सुमारे दीड लाख आदिवासी मुलांना घरापासून दूर निवासी शाळांत ठेवण्यात आले व त्यांच्या भाषा मोडल्या गेल्या. याची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल २०१५ साली निघाला, तोवर अनेक भाषा बोलणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. आपला हेतू कितीही चांगला असो, वर्गात पिकलेले हसू पुष्कळदा छडीचेच काम करते.

शेवटची गोष्ट, गैरहजेरीची. पालकांबरोबर स्थलांतर करणाऱ्या मुलाचा प्रकल्प अपुरा राहिला, तर शून्य लिहू नये. जेवढे काम झाले, तेवढ्याची नोंद करून ती शिक्षण हमी पत्रकासोबत पुढील शाळेस द्यावी; भट्टीवर पाहिलेल्या गोष्टींवर तोच प्रकल्प तेथे पुढे चालू शकेल. विटा कशा पाडतात, एका भट्टीस किती विटा लागतात, हे गणितही आहे व भूगोलही आहे. मात्र मुलास मजुरीचे काम करावयास लावून त्यास प्रकल्प म्हणू नये, हे सांगण्याची आवश्यकता नसावी.

या बाबतीत महाराष्ट्रास एक मोठी परंपरा आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाच्या कार्यास आरंभ केला व पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर ते वाढविले. गुरे राखावयास जाणारे मूल शाळेत येत नाही, तर शाळा कुरणावर न्यावी, या विचारातून त्यांनी कुरणशाळा काढली. मूल शाळेच्या साच्यात बसत नसेल, तर साचा तपासावा, हे त्यांच्या कार्याचे सार होय. मूल्यमापनही असाच एक साचा आहे.

(९) अखेरची कसोटी

सर्व गुण देऊन झाल्यावर एक काम उरते. उत्तम प्रकल्प घेऊन मुलांसह पुन्हा वाडीवर जावे व ज्यांनी माहिती दिली, त्यांना तो वाचून दाखवावा. ‘हे बरोबर आहे काय?’ असे विचारावे. कोणी म्हणेल, ‘बाळ, जाळे असे नाही, असे धरतात.’ ती दुरुस्ती मुलाने तेथेच करावी, आणि दुरुस्त केलेली प्रत वाडीस भेट द्यावी. आजवर वाडीवर पुष्कळ माणसे माहिती घेण्यास येऊन गेली. घेतलेली माहिती परत आणून दाखविणारे थोडे. आपल्या शाळेची मुले त्या थोड्यांत असावीत.

वर उल्लेखिलेल्या त्या मुलीने पुढे सातवीत असताना रानभाज्यांवर प्रकल्प केला. कागद साधा होता, अक्षर वाकडे होते. शेवळ्याबरोबर काकडाची फळे का घालावी लागतात, हे तिने वर्गास शेवळे चिरून दाखवीत समजावून सांगितले, आणि तक्त्यास पहिला क्रमांक मिळविलेला तो मुलगा पहिल्या रांगेत बसून ते उतरवून घेत होता. त्या दिवशी तिला वीसपैकी किती गुण मिळाले, हे आम्हांस आज आठवत नाही. ती एक दिवसही गैरहजर राहिली नाही, हे मात्र हजेरीपत्रकावरून सांगता येते.